पट्टीला पट्टी: चिंध्यांच्या गोधडीविषयी

कुठल्याही लेडीज टेलरच्या दुकानात कटिंगच्या टेबलाखाली एक गोणी ठेवलेली असते. कात्री चालून झाली की टेबलावरचं उरलंसुरलं कापड हातानं लोटून त्या गोणीत टाकलं जातं. गोणी भरली की ती कचऱ्याच्या गाडीत जाते, किंवा एखादा गॅरेजवाला हात पुसायला म्हणून चिंध्या उचलून नेतो. अशी एक गोणी जमिनीवर उलटी करून बघा. पहिल्यांदा नुसता रंगांचा गुंता दिसतो. निवडायला बसलं की त्यात प्रकार दिसू लागतात. ब्लाऊजच्या मुंढ्यातून आणि गळ्यातून निघालेले अर्धगोल तुकडे, अस्तराच्या टू बाय टूचे कोपरे, परकराच्या पॉपलीनच्या लांब उभ्या पट्ट्या, कुर्त्याच्या बाजूने किनारीसकट निघालेलं दोन-तीन बोटं रुंदीचं कापड, कुणाच्या तरी खणाचा हातभर काठ. हे सगळं वेगळं केलं की सर्वांत मोठा ढीग होतो तो पट्ट्यांचा.

त्याचं कारण कटिंगमध्येच आहे. कापड मागावरून सरळ कडांचं येतं आणि अंग मात्र गोलाईचं असतं. मास्तर आधी मोठे भाग बसवतात, बाह्या उरलेल्या जागेत बसवतात आणि शेवटी कडेला जे राहतं ते लांब आणि अरुंदच राहतं. पट्टी हाच शिल्लक कापडाचा स्वाभाविक आकार आहे. त्या आकाराशी न भांडता, तो आहे तसा घेऊन पांघरूण कसं करायचं, हा या पुस्तकाचा विषय.

आपल्याकडे गोधडी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळासाठी तिचंच छोटं रूप म्हणजे दुपटं. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट आणि कुंचीबरोबर दुपटी हवीतच. बाळाला नव्या कोऱ्या कापडात न गुंडाळता आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळायचं, हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. नव्या कापडातली खळ आणि त्याचा खरखरीतपणा नाजूक कातडीला टोचतो, हे त्यांनी हातानं ओळखलं होतं.

त्या जुन्या गोधडीची रीत आधी नीट पाहायला हवी, कारण आपल्याला तिथूनच पुढे जायचं आहे. ती गोधडी जुनेराची असायची. नऊवारी लुगडं किंवा धोतर वापरून विरलं की त्यातला फाटका भाग बाजूला काढायचा आणि धडका भाग ठेवून द्यायचा. उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली की सारवलेल्या जमिनीवर एक लुगडं ताणून अंथरायचं, कडांवर दगड ठेवायचे, त्यावर जुनेराचे थर पसरायचे आणि वरून दुसरं लुगडं घालायचं. कच्चा दोरा घालून थर धरून ठेवायचे. मग बाहेरच्या कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी धावदोऱ्याची ओळ मध्यापर्यंत न्यायची. वरचं कापड जिथे विरलेलं असेल तिथे ठिगळ यायचं. गोधडी स्वतः जुनी झाली की तिच्यावर नवा थर चढायचा आणि ती नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून जायची. नवरात्राआधी दसरा काढताना नदीवर किंवा विहिरीवर वाकळा धुवायला न्यायच्या. भिजलेली वाकळ एकटीला पिळता येत नसे, दोन टोकांना दोघी लागत.

म्हणजे जुन्या गोधडीचा कच्चा माल होता मोठं, सलग, वापरून मऊ झालेलं सुती कापड. तो माल आता घरात तयार होत नाही. नायलॉन, टेरिकॉट आणि पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त, टिकाऊ आणि झटकन वाळणाऱ्या म्हणून घरोघर आल्या. त्या वर्षानुवर्षं वापरल्या तरी सुती लुगड्यासारख्या मऊ होत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि थरात घातल्या तर सरकतात. उरलेले चांगले कपडे बोहारणीकडे जाऊ लागले आणि त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी येऊ लागली. घरात गाद्या आल्या, दुकानात ब्लँकेटं आली. गोधडी मागे पडली याचा दोष पुष्कळ लोक नव्या पिढीच्या आळसाला देतात. मला ते पटत नाही. शिवणारे हात अजून आहेत, पण जुनेर संपलं आहे.

आणि नेमक्या याच काळात चिंध्या वाढल्या आहेत. पूर्वी घरात वर्षाला मोजके कपडे शिवले जात, आता गल्लीगल्लीत शिलाईचं दुकान आहे आणि मोठ्या शहरांत तयार कपड्यांचे छोटे-मोठे कारखाने आहेत. तिथून निघणारं कापड कोरं असतं, चांगल्या रंगाचं असतं, फक्त अरुंद असतं. माझं म्हणणं एवढंच आहे: यापुढची गोधडी जुनेराच्या थरांची कमी आणि पट्ट्यांच्या जोडणीची जास्त असणार आहे. तसं असेल तर आपल्याला एक गोष्ट नव्याने शिकावी लागेल. जुन्या रीतीत कापड आधीच मोठं होतं, ठिगळ वरून लागायचं. पट्टीच्या रीतीत मोठं कापडच नाही, ते आधी उभं करायचं आहे.

हे काम जगात अनेक ठिकाणी झालं आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकन लोकांचे वंशज तिथे राहतात. थंडी घालवण्यासाठी तिथल्या बायका शेतात वापरून झिजलेल्या पॅंट आणि शर्ट यांच्या पट्ट्या काढून रजया शिवत. १९६० च्या दशकात तिथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडच्या गावी जाऊ लागले, तेव्हा त्यांची फेरी बोट बंद करण्यात आली. ती २००६ मध्ये परत सुरू झाली. मतदानाच्या हक्कासाठीच्या त्याच चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये सियर्स या मोठ्या दुकानसाखळीकडून त्यांना कॉर्डरॉय कापडाचे उशीचे अभ्रे शिवण्याचं काम मिळालं. अभ्रे कापून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायका घरी नेऊ लागल्या आणि त्यातून त्या वस्तीतल्या काही फार देखण्या रजया तयार झाल्या.

त्या रजयांकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण पट्टीचं काम करणाऱ्याला त्यांच्यातून एक गोष्ट फार स्पष्ट समजते. कॉर्डरॉयचे रंग त्यांनी निवडले नव्हते. दुकानाने मागवलेल्या अभ्र्यांचे जे रंग होते तेच त्यांच्या वाट्याला आले. लांबी-रुंदीही कात्रीने आधीच ठरवलेली होती. तरी प्रत्येकीची रजई वेगळी झाली. कुणी पट्ट्या उभ्या लावल्या, कुणी मधल्या चौकोनाभोवती फिरवत नेल्या, कुणी पट्टी संपली तिथे सरळ दुसरा रंग जोडला. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात या रजयांचं प्रदर्शन झालं, पुढे ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटं काढली. शिल्लक कापडात निवड कमी असते हे खरं, पण निवड कमी असताना मांडणीचा विचार जास्त करावा लागतो, आणि त्या विचारातून त्या रजया घडल्या.

इतकं लांब जायचंही कारण नाही. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आलेल्या या लोकांची बोली कोकणीची आहे. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. त्यांची रीत आपल्या वाकळेच्या जवळची आहे आणि वेगळीही आहे. त्या तुकडे आधी जोडत नाहीत. खाली साडी पसरून कोपऱ्यापासून सुरुवात करतात, एकेक तुकडा कड आत दुमडून ठेवतात आणि सगळे थर एकदमच शिवत कडेकडून मध्याकडे जातात. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी गुच्छ लावतात, त्यांना त्या ‘फुलं’ म्हणतात. ज्यांच्याकडे मशीन नाही, ज्यांना फक्त हातशिलाई करायची आहे, त्यांनी ही रीत जरूर शिकावी. बिहारची सुजनी, बंगालची कांथा, सिंध-राजस्थानकडची रल्ली, जपानी बोरो, कोरियातली जोगाक्बो ही सगळी याच घरची माणसं.

चिंधीला आपल्याकडे एक हीनपणाही चिकटलेला आहे, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गोधडीवर झोपणं म्हणजे गरिबी, ठिगळ म्हणजे लाज, असं पुष्कळांच्या मनात असतं. याच मातीत दुसरी परंपराही आहे. बौद्ध भिक्षूचं चीवर हे मुळात टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडून केलेलं वस्त्र. मगधातली बांधांनी आखलेली शेतं दाखवून बुद्धाने आनंदाला तशा मांडणीची चीवरं करायला सांगितलं, असं विनयपिटकात आलं आहे. आजही चीवर पाहिलं तर त्यावर जोडाच्या उभ्या-आडव्या रेषा दिसतात. आणि आपले गाडगे महाराज चिंध्या जोडलेला अंगरखा घालून गावोगाव झाडू मारत फिरले. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. चिंध्या जोडून अंगावर घेणं या दोन्ही ठिकाणी अप्रतिष्ठेचं नव्हतं, ते जाणीवपूर्वक स्वीकारलेलं होतं. आपण जी गोधडी शिवणार आहोत ती याच मानाने शिवावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पट्टीच्या कामात पहिला हिशेब मायेचा असतो. पट्टीच्या दोन्ही कडांना पाव-पाव इंच माया शिवणीत जाते. दोन इंची पट्टी जोडल्यावर दीड इंच दिसते, म्हणजे चौथा हिस्सा आत गेला. दीड इंची पट्टी एक इंच दिसते, तिसरा हिस्सा गेला. एक इंचाची पट्टी अर्धा इंचच दिसते, निम्मं कापड आत. म्हणून दीड इंचाखालची पट्टी निवडतानाच वेगळी ठेवावी, ती गोटाशेजारच्या बारीक रेषेसाठी किंवा भरीसाठी वापरावी. हा हिशेब न करता शिवायला बसणाऱ्यांना ढीगभर पट्ट्या संपल्या तरी गोधडी पुढे का सरकत नाही, हे कळत नाही आणि काम अर्ध्यावर सुटतं.

दुसरी अडचण उरेब पट्टीची. टेलरकडून येणारी प्रत्येक पट्टी उभ्या धाग्यात कापलेली नसते. बरीचशी तिरकी असते, आणि तिरकं कापड ओढलं की ताणतं. अशा दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींना जोडल्या तर शिवणीला लाटा येतात. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे खाली आधाराचं कापड घेणं. विरळ सुती कापडाचा, मलमलीचा किंवा जुन्या चादरीचा नऊ इंची चौकोन कापायचा. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पहिली पट्टी सुलटी ठेवायची. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी ठेवून कडेला कड जुळवायची, पाव इंचावर टीप मारायची, उलगडायची आणि नखाने किंवा इस्त्रीने शिवण दाबायची. तिसरी पट्टी दुसरीवर, चौथी तिसरीवर, असं करत कोपरा झाकायचा. मग मधल्या पट्टीच्या दुसऱ्या बाजूने तसंच. चौकोन पालथा करून कडा साडेआठ इंचावर सरळ कापायच्या. वरच्या पट्ट्या कशाही तिरक्या असोत, चौकोनाच्या कडा खालच्या कापडाच्या सरळ धाग्यातल्या असतात, त्यामुळे त्या ताणत नाहीत.

कर्णावर पट्ट्या लावण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. साडेआठ इंची चौकोनाचा कर्ण साधारण बारा इंच भरतो. मधली पट्टी तेरा-चौदा इंचाची घ्यावी लागते, पण कोपऱ्याकडे जाताना लागणारी लांबी कमी होत जाते. शेवटची पट्टी तीन-चार इंचांचीही चालते. म्हणजे गोणीतल्या लांब पट्टीला जागा मिळते तशी वीतभर तुकड्यालाही मिळते. सरळ उभ्या पट्ट्यांच्या रचनेत हे जमत नाही. साडेआठ इंची चौकोन जोडल्यावर आठ इंचांचा राहतो. असे आडवे सात आणि उभे दहा, एकूण ७० चौकोन झाले की ५६ बाय ८० इंचांची एकट्या माणसाची गोधडी होते. चार चौकोन एकत्र आले की कर्णांचा एक हिरा तयार होतो. सगळ्या चौकोनांची मधली पट्टी एकाच रंगाची ठेवली, समजा लाल किंवा पांढरी, तर पूर्ण गोधडीवर त्या रंगाची जाळी उमटते आणि बाकीचे पन्नास रंग त्या जाळीत नीट बसतात. रंगांच्या गोंधळाची भीती वाटते त्यांनी हा एक नियम पाळावा. बाकी रंग जसे हाताला लागतील तसे घ्यावेत.

शिवण्याआधीची दोन कामं मात्र चुकवू नयेत. कोरं कापड आधी धुवावं. खळ निघून जाते, जे आटायचं ते आटतं आणि कोणता रंग जातो ते कळतं. शंका असेल ती पट्टी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावी, विशेषतः लाल आणि गडद निळी. दुसरं काम सूत ओळखण्याचं. एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची हलकी राख पडते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला टणक गोळी राहते. सुती आणि पॉलिएस्टर एकाच चौकोनात नको. धुतल्यावर सुती कापड आटतं, दुसरं आटत नाही आणि चौकोनात कायमच्या चुण्या पडतात. शिवाय इस्त्री एकाला गरम हवी असते, दुसरं त्या तापमानाला चिकटतं.

पट्टीच्या गोधडीत भर कमी घालावी, हे जुन्या रीतीची सवय असलेल्यांना मुद्दाम सांगते. आधाराचं कापड, वरची पट्टी आणि शिवणीत दुमडलेली माया मिळून वरचा थर आधीच जाड झालेला असतो. मध्ये एखादं जुनं धोतर किंवा सुती चादर, खाली अस्तर, एवढं पुरे. जास्त भरली तर शिवणीवरून सुई जात नाही आणि अंगठा दुखून काम थांबतं. धावदोरा मात्र आपलाच घालावा, बाहेरून आत, चौकोनात चौकोन. खालच्या पट्ट्या तिरक्या आणि वरचा दोरा सरळ, या दोन्हीमुळे थर चारी बाजूंनी पक्के बसतात.

आता श्रमाचा हिशेब. ५६ बाय ८० इंचांच्या गोधडीत पाऊण पाऊण इंचावर दोऱ्याच्या ओळी घातल्या तर एकूण लांबी सुमारे दीडशे मीटर होते. इंचाला तीन टाके धरले तरी जवळजवळ १८,००० टाके. यात कापड निवडणं, धुणं, ७० चौकोन करणं आणि गोट लावणं आलेलं नाही. हे आकडे मी मुद्दाम मांडते आहे, कारण चिंध्या फुकट मिळाल्या म्हणजे गोधडीही जवळपास फुकटच पडते असा हिशेब ग्राहकही करतात आणि शिवणाऱ्या बायका स्वतःही करतात. कापडाची किंमत शून्य असेल तरी हातांची नसते. गोधडी शिवून विकू पाहणाऱ्या प्रत्येकीने आधी तासांची वही ठेवावी, तासाचा दर ठरवावा आणि मग किंमत सांगावी. प्रदर्शनात कुणी ‘चिंध्यांची तर आहे’ म्हणालं, तर ती वही उघडून दाखवावी. ही कला टिकवायची असेल तर ती करणाऱ्याचं पोट भरलं पाहिजे, याहून साधा आणि खरा उपाय मला माहीत नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. आधी कापड ओळखणं आणि निवडणं, मग पट्टीचे सरळ चौकोन, मग कर्णाचे चौकोन, मग मधल्या चौकोनाभोवती एका बाजूला फिक्या आणि दुसऱ्या बाजूला गडद पट्ट्या फिरवत नेण्याची, अमेरिकेत लॉग कॅबिन नावाने ओळखली जाणारी रीत. त्यानंतर दुपटं, कारण पहिलं पूर्ण काम लहान असावं. ७० चौकोनांच्या गोधडीने सुरुवात करून कपाटात गाठोडं बांधून ठेवण्यापेक्षा बारा चौकोनांचं दुपटं पूर्ण करून एखाद्या बाळंतविड्यात देणं चांगलं. शेवटी हातशिलाई, गोट आणि धुण्या-वाळवण्याची काळजी. मशीन असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी, दोघांनीही हे पुस्तक वापरावं, म्हणून प्रत्येक ठिकाणी हाताची रीत दिलेली आहे.

एक विनंती सगळ्यांना सारखी आहे. आपल्या घरांत आजीच्या, पणजीच्या वाकळा आहेत. त्या कुणी शिवल्या, कुठल्या साली शिवल्या, कुणाच्या लग्नातलं लुगडं त्यात गेलं, हे त्यातल्या बहुतेकींबद्दल आता कुणालाच सांगता येत नाही. एवढं कसब आणि त्याखाली नाव नाही. चित्रकार चित्राखाली सही करतो, लेखक पुस्तकावर नाव घालतो, मग ज्या वस्तूत १८,००० टाके गेले तिच्यावरच नाव का नसावं? गोट लावून झाला की गोधडी पालथी करा आणि खालच्या कोपऱ्यात दोऱ्याने तुमचं नाव, गाव आणि साल घाला. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. पन्नास वर्षांनी ती गोधडी ज्याच्या हातात असेल, त्याला ती कुणी शिवली हे विचारत बसावं लागू नये.